नारूचा माग: भायखळ्याच्या तळ्यापासून मराठवाड्याच्या हापशापर्यंत

मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं ते १८६० मध्ये. त्याआधी बेटावरचा सगळा संसार तळ्यांवर आणि विहिरींवर चाले. पिणं, अंघोळ, धुणं, गुरांचं पाणी, सगळं तिथंच. त्या काळात एका शाळेची पन्नास मुलं भायखळ्याच्या एका तळ्यावर अंघोळीला जात. वर्षभरात त्यांतल्या एकवीस मुलांना नारू झाला. इतर शाळांची मुलं दुसऱ्या पाण्यावर अंघोळ करत. ती तुरळक अपवाद सोडता सुटली. ही नोंद ठेवली डॉ. हेन्री जॉन कार्टर यांनी. पाहणी साधी होती, पण तिच्यात एक मोठा प्रश्न दडला होता. या तळ्याच्या पाण्यात असं काय आहे, जे दुसऱ्या पाण्यात नाही?

कार्टर यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय नोकरीत ते मुंबईला आले. अरबस्तानच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या ‘पालिन्युरस’ जहाजावर त्यांनी सर्जन म्हणून काम केलं, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं चिटणीसपद सांभाळलं आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला दिला. मुंबईच्या गोड्या पाण्यात स्पंज राहतात, हे त्यांनी १८४९ मध्ये सविस्तर लिहिलं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे वेगळे गृहस्थ. काही वर्षं दोघं एकाच वेळी मुंबईत होते, त्यामुळे त्यांच्या नावांची गल्लत पुष्कळदा होते.

आज पन्नाशीच्या आतल्या वाचकाला नारू ठाऊक नसतो, म्हणून तो आधी सांगायला हवा. पावलाला, घोट्याला किंवा पोटरीला एक फोड येतो. आग इतकी होते, की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. पाण्यात फोड फुटतो आणि आतून शेवयांसारखा पांढरा धागा डोकावतो. हा धागा म्हणजे जंताची मादी. तिची लांबी साठ सेंटिमीटर ते एक मीटर, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. ओढून काढावी तर तुटते, आणि तुटलेला तुकडा आत राहिला की पाय सुजून पिकतो. म्हणून जाणता माणूस तिचं बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळी आणि रोज थोडं थोडं फिरवत जाई. दिवसाला काही सेंटिमीटर हाती लागत. या कामाला आठवडे लागत, आणि तोवर माणूस खाटेला खिळलेला. आपल्या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत ‘स्नायुक’ या नावाने हाच रोग आला आहे. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. दर वर्षी नवा नारू निघणारी माणसं गावोगाव होती.

कार्टर यांनी भायखळ्याच्या तळ्यातला गाळ आणि शेवाळ काचेवर घेतलं. त्यात डोळ्यांना न दिसणारे सुतासारखे कृमी वळवळत होते. दोन्ही टोकांना निमुळतं, वळ्या नसलेलं गुळगुळीत अंग. पुढे तोंड, त्यामागे स्नायूंची अन्ननलिका, मग सरळ आतडं. गोड्या पाण्यातल्या अशा कृमींच्या अनेक जातींच्या शेपटीत चिकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. त्या द्रवाने ते शेवाळाला किंवा वाळूच्या कणाला शेपूट चिकटवतात आणि बाकीचं अंग मोकळं हलवत राहतात. कार्टर यांनी तळ्यातल्या आपल्या कृमीला ‘युरोलाबिस पालुस्ट्रिस’ हे नाव दिलं. १८५९ मध्ये लंडनच्या ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात मुंबई बेटावरचा नारू आणि पाण्यातले सूक्ष्म कृमी यांवरचा त्यांचा दीर्घ लेख छापून आला. नारूच्या मादीच्या पोटातली पिल्लं आणि तळ्यातले हे कृमी यांत त्यांना साम्य दिसलं. तळ्यात हे कृमी बुजबुजलेले, आणि त्याच तळ्यातल्या मुलांना नारू. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की पाण्यातला हा चिमुकला कृमी अंघोळ करणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो आणि आत वाढून नारू होतो.

अंदाज चुकीचा ठरला. तो कृमी स्वतंत्र होता. चिखलात जन्मून चिखलातच मरणारा, माणसाच्या वाट्याला कधीही न जाणारा. १८६३ मध्ये हेन्री चार्ल्टन बॅस्टिअन यांनी नारूच्या मादीची अंतर्रचना बारकाईने मांडली. तिचं जवळजवळ सगळं शरीर गर्भाशयाने व्यापलेलं असतं, आतडं त्याच्या दाबाने चिपून गेलेलं असतं आणि त्या पिशवीत लाखो पिल्लं असतात. दोन वर्षांनी त्याच बॅस्टिअन यांनी पाण्यात आणि मातीत मोकळे जगणाऱ्या कृमींवर मोठा प्रबंध लिहिला आणि शंभर नव्या जाती नोंदवल्या. या प्राण्यांचं जग केवढं मोठं आहे, हे तेव्हा दिसलं. सुतासारखे दिसणारे सगळे कृमी एकमेकांचे जवळचे भाऊबंद असतातच असं नाही.

तरीही कार्टर यांचं काम मला मोलाचं वाटतं. नारू हा कुजलेला स्नायू आहे, शीर आहे, वाईट हवेचा परिणाम आहे, असे तर्क शतकानुशतकं चालत आले होते. कार्टर यांनी रोग्यांची संख्या एका ठराविक तळ्याशी जोडली आणि त्या तळ्याचं पाणी भिंगाखाली धरलं. गुन्हेगार त्यांनी चुकीचा धरला, पण गुन्ह्याची जागा अचूक दाखवली. पुढचा शोध त्याच जागेवर झाला.

हा शोध लागला मध्य आशियात. अलेक्सेई फेडचेंको हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ १८६९ पासून तुर्कस्तानच्या मोहिमेवर होता. नारू तिथेही घरोघर होता. त्याने नारूची पिल्लं पाण्यात सोडली आणि त्या पाण्यात सायक्लॉप्स ठेवले. सायक्लॉप्स म्हणजे खेकडा-कोळंबीच्या गोत्रातला, एक-दोन मिलिमीटर लांबीचा, एकाच डोळ्याचा जीव. साचलेल्या गोड्या पाण्यात तो कुठेही सापडतो. पेला उजेडात धरला तर उड्या मारणारा पांढरट ठिपका दिसतो, तोच. नारूचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून जरासं मोठं, लांब टोकदार शेपटीचं. मोकळ्या पाण्यात ते काही दिवसच तग धरतं. सायक्लॉप्सने त्याला गिळलं तरच त्याचं पुढचं आयुष्य सुरू होतं. सायक्लॉप्सच्या अंगात दोन आठवड्यांच्या आसपास ते कात टाकत वाढतं आणि माणसाच्या पोटात जायला तयार होतं. फेडचेंकोने १८७० मध्ये हे पाहिलं. तीन वर्षांनी माँ ब्लाँ चढताना तो वारला. वय तिशीच्याही आत होतं.

मग हा रोग कातडीतून शिरतो की घशातून, हा वाद बरीच वर्षं चालला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकाने पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट वसाहतीत त्यावर काम केलं. जठरातल्या आम्लाइतकं सौम्य आम्ल त्याने सायक्लॉप्सवर टाकलं. सायक्लॉप्स मेले, पण त्यांच्या अंगातली नारूची पिल्लं चेकाळून हलू लागली. असे सायक्लॉप्स त्याने एका माकडाला खाऊ घातले, आणि सहा महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारू सापडले.

माणसातला पुरावा मिळाला तो मुंबईत. परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे १९२५ नंतरच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, डॉ. डी. ए. तुरखुड काम करत होते. बाधित सायक्लॉप्स पोटात गेल्यावर माणसाला नारू होतो, हे त्यांनी १९१३ च्या सुमारास स्वयंसेवकांवर सिद्ध केलं. भायखळ्याच्या तळ्यापासून परळची प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर. त्या अंतराला मात्र साठ वर्षं आणि मध्य आशिया ते पश्चिम आफ्रिका असा फेरा लागला. आपल्या वैज्ञानिक इतिहासात तुरखुड यांचं नाव याहून ठळक असायला हवं होतं.

आता सगळं चक्र समोर होतं. बाधित सायक्लॉप्स पाण्यावाटे पोटात जातो. तो तिथे मरतो, पिल्लं आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडतात. दोन-तीन महिन्यांत नर-मादीचं मीलन होतं, काही सेंटिमीटरचा नर मरतो. मादी वाढत, कातडीखालून सरकत, बहुधा पायाकडे उतरते. पाणी प्यायल्यापासून सुमारे वर्षभराने फोड येतो. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो आणि त्या क्षणी मादी दुधासारखा द्रव सोडते. त्यात लाखो पिल्लं असतात. म्हणजे नारूला जगायला माणसाच्या दोन गोष्टी लागतात. एक, माणसाचा पाय पिण्याच्या पाण्यात पडला पाहिजे. दोन, तेच पाणी कुणीतरी न गाळता प्यायलं पाहिजे. दोहोंपैकी एक थांबलं, की नारूचा वंश खुंटला.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडतील अशी जागा मराठवाड्याच्या गावागावांत होती. ती म्हणजे पायविहीर, बारव. काळ्या दगडातल्या त्या बारवांचं बांधकाम पाहिलं की मान आपोआप लवते. पाणी कितीही खोल जावो, पायऱ्यांनी माणूस त्याच्यापर्यंत पोचतो. दुष्काळी मुलखात यासारखा दिलासा नाही. पण तोच दिलासा नारूच्या कामी आला. वैशाखात पाणी तळाला जाई. थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होई. घागर भरायला बाई घोटाभर पाण्यात उभी राही, आणि तिच्या पायाला नारू असला तर शेजारच्या घागरीत पुढच्या वर्षीचा रोग भरला जाई. तो वर्षभराने उमटे, म्हणजे पुन्हा उन्हाळा सरताना, पेरणीच्या तोंडावर. घरात दोन माणसं नारूने पडली की रान पडीक. जीव सहसा जात नसे, पण हंगाम जाई, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम जाणं म्हणजे वर्ष जाणं.

याच मुलखाच्या मध्यभागी एका शहराने पाण्याचा वेगळा विचार पूर्वीच केला होता. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यासाठी नहर बांधली. पुढे औरंगजेबाच्या नावाने खडकीचं औरंगाबाद झालं, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. पण जुन्या शहराच्या पोटात अंबरची नहर आहेच. पैठण गेटकडून कापडाच्या दुकानांच्या गर्दीतून गुलमंडीच्या चौकात यावं, सुपारी हनुमानाला हात जोडून सिटी चौकाकडे वळावं. या तटबंदीच्या आतल्या वस्तीचं पाणी तेव्हा गल्ल्यांखालून यायचं. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी बांधीव भुयारी पाटात गोळा होई. ते स्वतःच्या उताराने शहराकडे वाहे. वाटेत उंच दगडी-विटांचे मनोरे. पाणी मनोऱ्यात चढे, हवा निघून जाई, दाब सांभाळला जाई आणि पाणी पुढे उतरे. मग खापरी नळांतून ते वस्त्यांतल्या हौदांपर्यंत पोचे. पुढे पाणचक्कीची नहर आली, थत्ते नहर आली. या जाळ्यावर शहर शतकानुशतकं जगलं.

अंबरला नारूचं चक्र ठाऊक नव्हतं, ठाऊक असणं शक्यही नव्हतं. त्याला हवं होतं ते बारमाही, स्वच्छ पाणी, आणि वेढा पडला तरी शत्रूच्या हाती सहज न लागणारं. पण डोंगरापासून वस्तीपर्यंत पाणी झाकून आणलं, की त्या सगळ्या वाटेवर कुणाचा पाय त्यात पडत नाही. हौद उघडे होते, त्यामुळे हे जाळं पूर्ण बंदिस्त होतं असं म्हणता येणार नाही. तरीही पाण्याची वाट झाकलेली असावी, हे तत्त्व त्यात होतं. जुन्या वाड्यांतल्या आडालाही तेच लागू. आडाला पायऱ्या नसतात. दोर आणि घागर खाली जाते, माणूस काठावर राहतो. वर घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळून माठात भरायची रीत. ज्या घरात ती नेमाने पाळली गेली, तिथे सायक्लॉप्स फडक्यावरच अडकला. कुणाच्या आजीला त्याचं नाव माहीत नव्हतं, पण तिच्या फडक्याला तो चुकला नाही.

गावांना मात्र झाकलेल्या पाण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागलं. ते त्यांच्यापर्यंत पोचवण्यात जालन्याचा वाटा मोठा आहे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या स्कॉटिश मिशनने दुष्काळी गावांसाठी खडकात बोअर घेण्याचं काम हाती घेतलं. बोअर लागत, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप टिकत नसत. ते मुळात एका कुटुंबापुरते घडवलेले. त्यावर अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की सांधा झिजे, दांडा मोडे, आणि गाव पुन्हा बारवेत उतरे. तेव्हा जालन्यात पोलादी, मजबूत, गावाचा भार सोसणारा पंप घडवला गेला. सोलापूर वेल सर्व्हिसने त्यात सुधारणा केली. दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होऊ लागली आणि झीज कमी झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला बोअरचं महत्त्व पुरतं कळलं. पुढे युनिसेफच्या पुढाकाराने सोलापूर पंपाच्या पायावर ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला, आणि तो भारतभर, मग आफ्रिकेतही गेला. आपल्या गावातल्या हिरव्या-निळ्या हापशाचं कुळ जालना-सोलापूरचं आहे. सिमेंटचा ओटा, बंद डोकं, खाली खडकातलं पाणी. त्यात पाय बुडवायची सोयच नाही.

भारत सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत पहिला देश. १९८४ च्या शोधात सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, बारा हजारांहून अधिक गावांत, सुमारे चाळीस हजार रोगी सापडले. महाराष्ट्र त्या सातांत होता. औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. कामाची पद्धत एवढीच. आरोग्य सेवक घरोघर जाऊन नारूचं चित्र दाखवत आणि कुणाला झालाय का विचारत. रोगी सापडला की जखम बांधत आणि पाण्यात उतरू नका म्हणून विनवत. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांना कठडा आणि रहाट लावत. उरलेल्या पाण्यात टेमेफॉस नावाचं, माणसाला बाधणार नाही इतक्या मात्रेतलं कीटकनाशक टाकत. घरोघर गाळणीचं कापड देत. शेवटी शेवटी नारूचा खरा रोगी दाखवील त्याला रोख बक्षीस होतं.

ज्या बारवेवर देवीचं ठाणं, जिच्या पायऱ्यांवर लेकीची पाठवणी झाली, तिच्या पायऱ्या बंद करायला गावाचं मन वळवणं सोपं नव्हतं. ते काम ग्रामसेवकांनी, परिचारिकांनी आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलं. त्यांच्या नावांची यादी कुठल्या ग्रंथात नाही. कार्टर, फेडचेंको, लायपर, तुरखुड यांच्या पंक्तीत मला हे लोक बसलेले दिसतात, कारण शोध त्यांनी पूर्णत्वाला नेला. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. त्यानंतर तीन वर्षं शोध चालू ठेवून, एकही रोगी नाही याची खात्री झाल्यावर, फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

जगातली लढाई अजून संपलेली नाही. १९८६ मध्ये जगभरात अंदाजे पस्तीस लाख लोकांना दर वर्षी नारू होत असे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने त्याच वर्षी निर्मूलनाचं नेतृत्व घेतलं, आणि २०२४ पर्यंत हा आकडा पंधरावर आला. पण आफ्रिकेत चाडमध्ये कुत्र्यांना नारूची लागण होते असं गेल्या दशकात दिसून आलं, त्यामुळे शेवटचं पाऊल लांबलं आहे. जंत चिवट आहे. उघडं पाणी दिसेल तिथे तो वाट शोधतो.

म्हणून या इतिहासातून एक गोष्ट आपण घट्ट धरून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. नारू गेला तो पाणी झाकल्यामुळे, आणि ते झाकलेलं पाणी सार्वजनिक पैशातून गरिबाच्या दारापर्यंत गेल्यामुळे. औषधाच्या बाटलीची वाट पाहत बसलो असतो तर मराठवाडा आजही लंगडत असता. संभाजीनगरला कित्येक वर्षं रोज पाणी मिळालेलं नाही; नळाला पाणी आलं की लोक टाक्या, पिंपं, बादल्या भरून ठेवतात. असं साठवलेलं, उघडं पाणी नारूला नाही तरी डासांना आणि जुलाबांच्या जंतूंना आवतण देतं. खेड्यांत नादुरुस्त हापसे आहेत. नहरीचे मनोरे ढासळत आहेत आणि तिच्या वाटेवर बांधकामं होत आहेत. नहर जपायची ती केवळ पुरातन वास्तू म्हणून नव्हे. पाणी झाकून, वाहतं ठेवून, सगळ्या वस्तीला समान द्यायचं असतं, ही अक्कल याच मातीत चारशे वर्षांपूर्वी होती, याचा तो पुरावा आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पात पाण्याच्या नळाला आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात हापशाच्या दुरुस्तीला पहिली जागा मिळाली पाहिजे. आरोग्याचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ खर्च तोच आहे.